मिक्सरची पूजा

मोल्डचे नट सोडले, लोखंडी पत्रा बाजूला केला आणि माझा अंगठा क्यूबमध्ये शिरला. गार झालेल्या शिऱ्यात शिरावा तसा.

"मामा," मी म्हणाले, "हे ओलंच आहे."

शेख मामा आमच्या काँक्रीट लॅबचे अटेंडंट. त्यांनी शेजारचा मोल्ड उघडला. त्याचा कोपरा तुटून थेट त्यांच्या चपलेवर पडला. त्यांनी पाय झटकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"रेणुका बेटा, ये काँक्रीट नहीं है. हलवा है."

माझा प्रोजेक्ट पार्टनर गणेश हसला. मग माझा चेहरा पाहून थांबला.

क्यूब म्हणजे काँक्रीटचा चौकोनी ठोकळा. वीतभरापेक्षा थोडा लहान. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी कालवून लोखंडी साच्यात भरतात. तो साचा म्हणजे मोल्ड. दुसऱ्या दिवशी मोल्ड उघडायचा, ठोकळा पाण्याच्या टाकीत ठेवायचा आणि महिनाभराने मशीनखाली दाबून फोडायचा. किती भार सोसून फुटला, त्यावरून काँक्रीट कसं आहे ते कळतं. लोकांच्या घराचा स्लॅब फोडून बघता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने हा ठोकळा फुटतो.

मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं गाव कुरुंदा. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे लॅबमध्ये काही बिघडलं की मला आधी वाटतं, हे सगळ्यांना माहीत असेल, मलाच कुणी सांगितलं नसेल. त्या सकाळीही तसंच वाटलं.

आमचा प्रोजेक्ट राखेचा होता. उसाचा रस काढून उरलेलं चिपाड साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाळतात. त्याची राख उरते. ती बारीक चाळून थोड्या सिमेंटच्या जागी वापरली तर काँक्रीट टिकतं का, हा प्रश्न. प्रश्न काही नवा नाही. बऱ्याच ठिकाणी त्यावर काम झालंय. पण आमच्या भागातल्या राखेवर आमच्या कॉलेजात कुणी केलं नव्हतं, आणि मला तेच करायचं होतं. राखेचे ढीग मी लहानपणापासून पाहत आलेय. वारा सुटला की हळदीच्या पानांवर काळा थर बसायचा. या ढिगाचं काहीतरी चांगलं होऊ शकतं, एवढं मला दाखवायचं होतं.

विभागप्रमुख सरांना विषय फारसा पटला नव्हता. त्यांनी अट घातली होती. सोमवारच्या रिव्ह्यूला राखेचे क्यूब नीट उभे दिसले तर पुढे जा, नाहीतर विषय बदला. बदलायचा विषयही त्यांनी ठरवून ठेवला होता: कॉलेजच्या पार्किंगचा सर्व्हे.

मंगळवारी आम्ही साधे क्यूब केले होते, राख नसलेले. त्यांना कंट्रोल म्हणतात. राखेने काय फरक पडला हे सांगायचं तर राख नसताना काय होतं, हे आधी माहीत हवं. ते बुधवारी छान टणक निघाले. बुधवारी राखेचे केले. आणि आज गुरुवारी हे असं.

"थंडी आहे," गणेश म्हणाला. "थंडीत उशिरा घट्ट होतं."

"मंगळवारीही थंडीच होती."

"मग पाणी जास्त झालं असेल."

पाणी मीच मोजलं होतं. दोनदा.

आमच्या गाइड कांबळे मॅडम आल्या. त्यांनी पर्समधून पेन काढलं, क्यूबच्या अंगात खुपसलं, बाहेर काढलं, पुसलं. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "साखर."

"मॅडम?"

"सिमेंटचा नंबर एकचा शत्रू. मूठभर साखर पोतंभर सिमेंटला झोपवते. काँक्रीटचा ट्रक रस्त्यात अडकला आणि माल आत घट्ट व्हायची भीती वाटली, तर त्यात साखर टाकायला सांगतात, माहितीये? सिमेंटच्या कणांना ती चिकटते आणि पाण्याला काम करू देत नाही." त्यांनी कोपऱ्यातल्या राखेच्या गोण्यांकडे पाहिलं. "राख साखर कारखान्यातली आहे. चिपाड नीट जळलं नसेल. गोडवा राहिला असेल त्यात."

"पण मॅडम, बॉयलरमध्ये एवढी आग असते. साखर कशी राहील?"

"राहायला नको. पण क्यूब तर समोर आहे. साध्यात राख नाही, ते घट्ट. यात राख आहे, हे मऊ. सर काय म्हणतील?"

सर काय म्हणतील ते आम्हाला माहीत होतं. गणेश हळूच म्हणाला, "पार्किंगमध्ये सावली तरी असते."

मला हसू आलं नाही. कारण मॅडम 'साखर' म्हणाल्या तेव्हाच मला बुधवारची दुपार आठवली होती.

बुधवारी बाबा आले होते. राखेच्या गोण्या ओळखीच्या टेम्पोत टाकून ते स्वतःच घेऊन आले. कॉलेजात ते पहिल्यांदाच आले होते. ॲडमिशनलाही माझ्यासोबत आईचा भाऊ आला होता. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता आणि हातात पिशवी होती. पिशवीत नारळ, हळद-कुंकू आणि नव्या गुळाचा मोठा तुकडा.

आमच्या घरात एक पद्धत आहे. कुठलंही काम पहिल्यांदा सुरू करायचं तर त्या कामाचं तोंड गोड करायचं. माणसांचं नंतर. पेरणीला पहिला गूळ तिफणीच्या चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या वाटीत जातो, मग बियाणं. बोअर घेतला तेव्हा गूळ बोअरमध्ये टाकला होता. हळद शिजवायचा कुकर आणला तेव्हा त्याच्या तोंडात टाकला. काकांनी पिठाची गिरणी टाकली तेव्हाही पहिला खडा दळणाच्या जागी गेला, आणि पहिलं पीठ गोड निघालं म्हणून सगळे खूश झाले होते.

बुधवारी मिक्सर फिरायला लागला. मॅडम वर्गावर होत्या. गणेश मोल्डला तेल लावत होता. शेख मामा खडी मोजत होते. बाबांनी दाराशी नारळ फोडला, मिक्सरला कुंकू लावलं आणि मला विचारलं, "ह्याचं तोंड हेच ना?"

"व्हय बाबा."

त्यांनी गूळ मुठीत घेतला. नवा, मऊ गूळ होता. कुस्करून मिक्सरच्या तोंडात सोडला आणि हात जोडले. मीही जोडले. मग उरलेला गूळ सगळ्यांना वाटला. शेख मामांनी दोनदा घेतला. वर्ग संपवून मॅडम आल्या, त्यांनाही दिला.

मला त्यात वावगं असं काही दिसलंच नाही. ते इतकं नेहमीचं होतं की डोळ्यांना दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही. मी पाणी दोनदा मोजलं, सिमेंट मोजलं, राख मोजली. गूळ हे मोजायचं साहित्य आहे हे माझ्या मनातही आलं नाही.

आता सांगायचं कसं? सांगितलं नाही तर दोष राखेवर जाणार आणि प्रोजेक्ट पार्किंगमध्ये जाणार. सांगितलं तर लॅबमध्ये वर्षभर हा विनोद चालणार. विनोद माझ्यावर झाला तर चालेल. पण बाबा धुतलेला सदरा घालून आले होते.

गुरुवारचा दिवस तसाच गेला. शुक्रवारी सकाळी मॅडमच्या केबिनबाहेर मी इतका वेळ उभी होते की त्यांनीच आतून विचारलं, "आत यायचंय की दार सांभाळायचंय?"

मी सांगितलं. बहुतेक फार हळू सांगितलं, कारण त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं.

त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ पेन फिरवत बसल्या. "म्हणजे साध्या क्यूबच्या दिवशी तुझे बाबा आले नव्हते."

"नाही."

"मग दोन दिवसांत फरक एकट्या राखेचा नव्हता. राखही होती आणि गूळही होता. आपण दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि नाव एकीचं घेतलं." त्यांनी पेन ठेवलं. "पण रेणुका, हा तुझा अंदाज झाला. सरांपुढे अंदाज चालत नाही. दाखवावं लागेल. तो गूळ शिल्लक आहे का?"

"दुकानातून आणू?"

"दुकानातला नको. तोच हवा."

म्हणून मी बाबांना फोन लावला. ते शेतात होते. मागे मोटरचा आवाज येत होता.

"बाबा, बुधवारी मिक्सरमधी गूळ किती टाकला व्हता तुमी?"

"काहून? कमी पडला व्हय?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी जमेल तसं सांगितलं. सिमेंटला गोड चालत नाही, क्यूब घट्ट झाले नाहीत, राखेवर आळ आलाय. पलीकडे मोटर बंद झाली.

"म्हंजे म्या बिघडवलं व्हय गं?"

"अजून माहीत न्हाई, बाबा. तेच तर तपासायचं हाय."

हे मी त्यांचं मन राखायला म्हणाले नव्हते. खरंच माहीत नव्हतं. प्रयोगाची ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडली. तपासून होईपर्यंत कुणालाच दोषी म्हणता येत नाही, बापालाही नाही.

"उद्या येतो," बाबा म्हणाले. "गूळ घेऊन येतो."

शनिवारी ते आले ते खांद्यावर गुळाची आख्खी ढेप घेऊन. सोबत बुधवारचा उरलेला तुकडाही फडक्यात बांधून आणला होता.

"काका," मॅडम म्हणाल्या, "फडक्यातला पुरे होता."

"किती लागन काई माहीत न्हाई म्याडम. कमी पडाया नको म्हनून."

"अब्बाजी," शेख मामा ढेपेवर हात ठेवून म्हणाले, "बाकी का टेन्शन आप मत लेओ. बराबर ठिकाने लगता."

आधी मोजमाप. मॅडमनी बाबांना बुधवारी घेतला होता तसाच गूळ मुठीत घ्यायला सांगितला. बाबांनी घेतला, वजनकाट्यावर ठेवला. मॅडम म्हणाल्या, पुन्हा घ्या. दुसऱ्या वेळी जास्त भरला. तिसऱ्या वेळी आणखी. पोरं दाराशी गोळा झाली होती, आणि बघणारी माणसं वाढली की बाबांचा हात सैल होतो. शेवटी मॅडमनी पोरांना हाकललं आणि पहिलं वजन धरलं.

मग मॅडमनी फळ्यावर चार चौकोन काढले. काँक्रीट नाही, नुसती सिमेंटची लगदी करायची. पहिली साधी. दुसरीत राख. तिसरीत गूळ. चौथीत राख आणि गूळ दोन्ही. सिमेंटच्या मानाने गूळ बुधवारइतकाच.

"आता सांगा," त्या आमच्याकडे वळल्या, "दोषी राख असेल तर कुठल्या मऊ राहतील?"

"दुसरी आणि चौथी," गणेश म्हणाला.

"आणि गूळ असेल तर?"

"तिसरी आणि चौथी," मी म्हणाले. माझा आवाज पहिल्यांदाच जरा मोठा निघाला.

घट्टपणा बघायला व्हिकॅट नावाचं साधं उपकरण असतं. उभ्या दांड्याला बारीक सुई. ती लगदीवर अलगद सोडायची. लगदी ओली असेल तर सुई तळापर्यंत जाते. जसजशी घट्ट होते तसतशी सुई वर अडते. उपकरण एकच होतं, म्हणून शेख मामांनी चारही लगद्या चहाच्या कागदी कपांतही भरून ठेवल्या. म्हणाले, "सुई तुम्हारी, अंगठा मेरा."

बाबांना स्टूल दिलं होतं. ते बसलेच नाहीत. हळद शिजताना कुकरभोवती फिरतात तसे टेबलाभोवती फिरत होते. मध्येच कपावर वाकून वास घ्यायचे. गणेशने त्यांना सुई सोडायला शिकवलं. त्यांनी इतक्या हळू सोडली की गणेश म्हणाला, "काका, तिला इंजेक्शन द्यायचं नाहीये."

दुपार उतरली. साध्या लगदीत सुई निम्म्यावर अडली. थोड्या वेळाने राखेच्या लगदीतही अडली. मी सुई उचलली, पुसली, पुन्हा सोडली. पुन्हा अडली. मॅडमनी स्वतः सोडून पाहिली.

तिसऱ्या लगदीत सुई सरळ तळाला गेली. चौथीतही.

बाबांनी तिसरा कप उचलला. अंगठा लावला. अंगठा आत गेला. "ह्याच्यात राख हाय?"

"नाही काका," मॅडम म्हणाल्या. "यात नुसतं सिमेंट आणि तुमचा गूळ."

"अन् ह्या घट्ट झालेल्यात राख हाय."

"आहे."

बाबांनी कप खाली ठेवला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता त्यांना वाईट वाटणार. त्यांनी धोतराला अंगठा पुसला.

"मंग राख सुटली म्हना की निर्दोष."

"सुटली."

"अन् गूळ घावला." ते माझ्याकडे वळले. "बघ, लेकरा. आपल्याच घरातला निघाला."

सगळ्यात जोरात शेख मामा हसले. मग मॅडम. मग बाबाही.

एवढ्यावर भागणार नव्हतं. सोमवारी सरांना उभे क्यूब दाखवायचे होते. मॅडम म्हणाल्या, आज दोन्ही संच पुन्हा करा. राखेचे आणि साधे. एकाच दिवशी, एकाच वाळूत, त्याच माणसांच्या हातून. आम्ही साहित्य मोजलं. मिक्सर धुतला. मी तो जरा जास्तच धुतला. बटण दाबायला हात नेला आणि पाहिलं तर बाबा पिशवीत हात घालून उभे. पिशवीत नारळ होता.

शेख मामांनी मिक्सरच्या तोंडावर हात ठेवला.

"भायेर फोडतो," बाबा घाईघाईने म्हणाले. "गूळ बी मिक्सरला न्हाई. मान्सांलाच."

"फोडा काका," मॅडम म्हणाल्या. "पण एक अट आहे. राखेच्या क्यूबांना नारळ, तर साध्यांनाही नारळ. एकाची पूजा आणि दुसऱ्याची नाही, असं प्रयोगात चालत नाही."

बाबांनी विचार केला. त्यांना ते लगेच पटलं. "बराबर हाय. दोन लेकरात दुजाभाव काहून?" दुसरा नारळ नव्हता. गणेश गाडी काढून चौकातून घेऊन आला.

रविवारी लॅब बंद होती. सोमवारी सकाळी मोल्ड उघडताना माझा अंगठा पुढे होईना. शेवटी शेख मामांनीच बोटाच्या सांध्याने क्यूबवर ठोकलं. दारावर ठोकल्यासारखा टक् आवाज आला. "कौन है?" मामांनी विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "काँक्रीट है."

रिव्ह्यूला सरांनीही ठोकून पाहिलं. राखेचे, साधे, दोन्ही. मग चार लगद्यांचा तक्ता बराच वेळ वाचला.

"हे गूळ घालून बघायचं कुणाला सुचलं?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"माझ्या बाबांना, सर," मी म्हणाले.

"ते या क्षेत्रात आहेत?"

"नाही सर. हळदीत."

सरांनी मान डोलावली आणि विषय पुढे चालू ठेवायला सही केली. पार्किंगचा सर्व्हे दुसऱ्या ग्रुपला गेला.

महिन्याने क्यूब फोडायचे होते, तेव्हा बाबा पुन्हा आले. मशीनने पहिला क्यूब दाबायला सुरुवात केली तेव्हा ते अस्वस्थ झाले. "एवढं पान्यात निजवून ठेवलं, अन् आता फोडून राहिले?" मी सांगितलं, यासाठीच बनवलाय. त्यांना ते पटलं नाही, पण मशीनवरचा भाराचा काटा वर चढू लागला तसे तेही पुढे सरकले. राखेचे क्यूब साध्यांच्या अगदी जवळ राहून फुटले. आम्हाला हवा होता त्याहून जास्त भार त्यांनी सोसला.

आणि ते पहिले, हलव्याचे क्यूब? ते शेख मामांनी फेकलेच नव्हते. कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली तसेच ठेवले होते. आठवडाभराने ते आपोआप टणक झाले होते. कोपरे तुटलेले सोडून एक धड निघाला, तोही मशीनखाली ठेवला. काटा साध्या क्यूबच्या पुढे गेला. मी मशीन बंद पडलं की काय म्हणून पाहिलं.

"होतं असं," मॅडम म्हणाल्या. "थोडी साखर कधीकधी घट्ट व्हायला उशीर लावते, पण शेवटी ताकद कमी होत नाही. मात्र एका क्यूबवरून काही ठरवू नका. आणि तेवढा वेळ स्लॅबखाली टेकू धरून कोण बसणार?"

बाबांनी त्यातलं त्यांना हवं तेवढं ऐकलं. त्या क्यूबचा फुटलेला तुकडा त्यांनी मागून घेतला. आता तो आमच्या मोटरच्या खोलीच्या दाराला टेकण म्हणून लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगतात, हे पोरीच्या कॉलेजातलं गुळाचं काँक्रीट. बिघडलेलं न्हाई, सावकाश झालेलं.

मी यातून एवढंच शिकले. दोन गोष्टींची तुलना करायची तर बाकी सगळं सारखं ठेवायचं, आणि 'सगळं' यात आपल्याला दिसेनासं झालेलंही धरायचं. आमच्या लॅबमध्ये आता मिक्सरवर शेख मामांनी रंगाने लिहून ठेवलंय: गूळ माणसांनी खावा. नवीन पोरं विचारतात, हे काय आहे. मामा म्हणतात, रिसर्च.